मुक्या यंत्राची साक्ष

एखादी वस्तु आपल्या मालकीची आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्या म्हणण्यांत नेमकें काय काय येतें? ती वापरण्याचा, कोणाला देऊन टाकण्याचा, फार काय मोडून टाकण्याचाहि अधिकार त्यांत येतो हें सर्वांस मान्य आहे. परंतु ती उघडून आंतून पालटण्याचा अधिकार येतो काय? आणि येत असल्यास, पालटतांना ती बिघडली तर तो बिघाड कोणाच्या पदरांत घालावयाचा? हे प्रश्न वकिलांचे किंवा तर्कशास्त्राच्या अध्यापकांचे आहेत असें मी समजत होतों. गेल्या आश्विनांत ते एका लहानशा यंत्राच्या रूपानें रत्नागिरींतील आमच्या घरीं आले, आणि आठवडाभर त्यांनीं घरांत कोणास स्वस्थ बसूं दिलें नाहीं. आधीं ती हकीकत सांगतों.

माझा भाचा अभियांत्रिकी शिकतो. त्याला दूरनियंत्रित विमानांचा छंद आहे. म्हणजे फोमचें, विजेच्या मोटारीवर चालणारें, सव्वा किलो वजनाचें विमान तो आकाशांत सोडतो आणि जमिनीवर उभा राहून हातांतील ट्रान्समीटरनें तें चालवितो. आमच्या गांवची धावपट्टी तटरक्षक दलाची आहे, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनीं विमानतळाभोंवतींच्या आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडलेले आहेत. म्हणून हा उद्योग तो शहरापासून दूर, भाट्याची खाडी ओलांडून पावसच्या अंगाला असलेल्या एका कातळी सड्यावर करतो. ह्या खेळाचा मूळपुरुष निकोला टेस्ला. १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें त्यानें एक लहानशी नाव बिनतारी लहरींनीं हौदांत फिरवून दाखविली, तेव्हां पाहणाऱ्यांस ती जादू वाटली. आजच्या मुलांस जादू वाटत नाहीं. आंत काय आहे तें पाहावेंसें वाटतें. हा फरक मी प्रगतीचा समजतों.

आंत काय आहे? ट्रान्समीटरची दांडी हलविली कीं विमानाचें सुकाणूं हलतें, एवढें आपणांस दिसतें. पण दांडी इतकी हलली म्हणजे सुकाणूं किती हलावें, कोणती कळ फिरविली म्हणजे मोटार थांबावी, हें ठरविणाऱ्या आज्ञांची एक लांबलचक माळ यंत्रांतील चिपमध्यें लिहिलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. पूर्वीं ती कारखानदार लिहील ती, आणि तेवढीच. पुढें कांहीं हौशी लोकांनीं एका स्वस्त ट्रान्समीटरवर स्वतः लिहिलेली आज्ञावली चढविली. त्या परंपरेंतून ओपनटीएक्स निघाली, आणि तिची एजटीएक्स ही शाखा २०२१ पासून स्वतंत्रपणें वाढत आहे. ती कोणीहि वाचावी, सुधारावी व आपल्या यंत्रावर चढवावी अशी मोकळीक आहे. कित्येक कारखानदार तर आतां आपला माल तीच आज्ञावली घालून विकतात. ह्या मोकळिकीमागें एक नैतिक भूमिकाहि आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्या गृहस्थाला आपल्या प्रयोगशाळेंतील छपाईयंत्राची आज्ञावली सुधारावयाची होती. ती त्याला वाचावयासहि मिळाली नाहीं. जें यंत्र आपल्यापुढें उभें आहे त्याच्या मनांत काय आहे हें जाणण्याचा आपणांस हक्क नसावा, ही गोष्ट त्याला अन्यायाची वाटली, आणि १८८३ नव्हे, अगदीं अलीकडे १९८३ सालीं त्यानें मुक्त आज्ञावलींची चळवळ जाहीर केली. ही भूमिका मला पटते. भाच्यानें यंत्र उघडलें ह्याबद्दल माझी तक्रार कधींच नव्हती.

शिकवण्या घेऊन सांठविलेल्या १६ हजार रुपयांत त्यानें नवा ट्रान्समीटर एका दूरच्या शहरांतील व्यापाऱ्याकडून मागविला. तो आला, नीट चालला. तिसऱ्या दिवशीं आज्ञावलीची नवी आवृत्ति चढविण्यासाठीं तो तें यंत्र घेऊन मित्राच्या घरीं गेला. हें काम दोन रीतींनीं होतें. ट्रिमचीं दोन बटणें आंतल्या बाजूस दाबून यंत्र चालूं केलें म्हणजे बूटलोडर नांवाचा एक द्वारपाल जागा होतो व त्याच्याकरवीं कार्डावरची नवी आज्ञावली आंत घेतां येते; आलेला माल आपल्या घरचा आहे कीं नाहीं हें तो थोडेंफार पाहतो. दुसरी रीत म्हणजे लॅपटॉपवरून थेट चिपची सगळी स्मृति नव्यानें लिहिणें. हींत द्वारपालहि पुसला जाऊन नवा बसतो. भाच्यानें दुसरी रीत धरली. लिहिण्याचें काम शंभर टक्के झालें असें लॅपटॉपनें सांगितलें. आणि त्याच वेळीं परतीच्या पावसाचा मोठा गडगडाट होऊन वीज गेली. यंत्र पुन्हां चालूं करून पाहतो तों पडदा काळा. दिवा नाहीं, आवाज नाहीं. घरीं आणून आमच्या वायरनें आमच्या लॅपटॉपला जोडलें, तर यंत्रावर चार्जिंगचा तांबडा दिवा तेवढा लागे. लॅपटॉपला मात्र आपल्याला कांहीं जोडलें आहे ह्याची दादच नव्हती.

पुढील दोन दिवस घरांत दोषारोपांचा बाजार भरला. भाचा म्हणे विजेनें घात केला. माझी बहीण म्हणे लॅपटॉप जुना झाला. मी म्हणें, फुकट मिळालेली आज्ञावली ती, तिचा भरंवसा काय धरावा! कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास गांठ पडली म्हणजे कावळ्याला शिक्षा होते, हें आपण सगळे जाणतों. तरी प्रसंग आपल्यावर आला कीं आपण प्रथम कावळाच शोधतों. वस्तुतः लॅपटॉप त्या वेळीं आपल्या बॅटरीवर चालला होता व ट्रान्समीटर स्वतःच्या. घरची वीज राहिली काय, गेली काय, दोघांसहि तिचें सोयरसुतक नव्हतें. आपल्या नैयायिकांनीं कार्यकारण ठरविण्याची जी अन्वयव्यतिरेकाची कसोटी सांगितली आहे, ती हीच: जें असतां कार्य होतें आणि जें नसतां होत नाहीं तेंच कारण. बिघडलेलें यंत्र दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला, त्यानें न्यायशास्त्राचें नांवहि ऐकलेलें नसलें तरी, ही कसोटी लावावीच लागते. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि फरक पडतो का तें पाहावयाचें. परंतु तिच्यांत एक अडचण आहे. बदलून पाहण्याच्या गोष्टींच्या यादींत माणूस स्वतःला घालीत नाहीं. वीज, वायर, लॅपटॉप, आज्ञावली, कारखाना, सर्व कांहीं संशयित. एक आपण काय ते साक्षीदार!

तिसऱ्या दिवशीं खरा पेंच आला. शेजारचे एक निवृत्त शिरस्तेदार सहज बसावयास आले होते. त्यांनीं व्यापाऱ्याचें बिल मागून घेतलें, चष्मा पुसून वाचलें आणि म्हणाले, “ह्यांत लिहिलें आहे कीं माल मुळांतच सदोष निघाल्यास सात दिवसांत बदलून मिळेल. आज सहावा दिवस. लिहून टाका, यंत्र चालूं होत नाहीं. ह्यांत खोटें काय आहे? चालूं होत नाहीं हें तर खरेंच ना!”

खोली एकदम शांत झाली. मी भाच्याकडे पाहिलें नाहीं. त्यानेंहि माझ्याकडे पाहिलें नाहीं. आम्हां दोघांच्या मनांत तो विचार आधींच येऊन गेला होता, हें त्यावरून उघड झालें. शिरस्तेदारांनीं सांगितलेल्या वाक्यांत एकहि शब्द असत्य नव्हता, आणि तें सबंध वाक्य असत्य होतें. काळा पडलेला पडदा साक्ष देत नाहीं. तो कोणत्या हातानें काळा झाला हें त्या हाताखेरीज कोणास ठाऊक नसतें.

अशा वेळीं मन जे युक्तिवाद पुढें करतें ते वरवर दुबळे नसतात, म्हणून त्यांचा नीट विचार केला पाहिजे. पहिला युक्तिवाद असा कीं, व्यापारी असले नुकसान किंमतींत आधींच धरून चालतो. धरीत असेलहि, पण तें तो कोणाच्या खिशांतून धरतो? पुढें येणाऱ्या प्रत्येक खऱ्या गिऱ्हाइकाच्या. म्हणजे हें नुकसान व्यापाऱ्याचें नसून, ज्यानें आपली चूक मुकाट्यानें सोसली अशा कोणा अनोळखी मुलाचें. दुसरा युक्तिवाद असा कीं, कारखानदार स्वतःच ही खुली आज्ञावली घालून माल विकतो, ‘बदलून पाहा’ असें जणुं आमंत्रण देतो. मग त्यानें परिणामहि सोसावा. ह्यांत तथ्य आहे. पण तें तथ्य उघडपणें मांडतां येण्याजोगें आहे. ‘मी आज्ञावली बदलतांना यंत्र बंद पडलें, आपण कांहीं मदत कराल काय?’ असें लिहिण्यास कोणाची मनाई होती? ज्या युक्तिवादाला लपावें लागतें त्यावर आपला स्वतःचाच विश्वास नसतो.

हा तंटा नवा नाहीं. आपल्या स्मृतिकारांनीं ‘क्रीतानुशय’ म्हणजे खरेदीचा पश्चात्ताप ह्या नांवाचें एक स्वतंत्र व्यवहारपदच मानलें आहे. याज्ञवल्क्यानें पारखण्याच्या मुदती ठरवून दिल्या आहेत: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पांच, दुभत्याला तीन आणि रत्नांना सात. आमच्या व्यापाऱ्यानें भाच्याला रत्नांचीच मुदत दिली होती म्हणावयाची! परंतु नारदानें परत करावयाच्या मालाला एक विशेषण लावलें आहे, ‘अविक्षत’. म्हणजे ज्याला घेणाऱ्याच्या हातून इजा झालेली नाहीं असा. ह्या सर्व व्यवहारशास्त्राचा आधुनिक काळांतील थोर भाष्यकार, महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे, हा आमच्याच जिल्ह्यांतला, चिपळूणजवळचा. त्यामुळें रत्नागिरीकरानें तरी हें विशेषण विसरूं नये. आजचा कायदाहि फार वेगळें सांगत नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष मालामुळें इजा झाल्यास विक्रेत्यावर दावा करण्याचा हक्क दिला, पण इजेच्या वेळीं त्या मालाचा दुरुपयोग झालेला असल्यास किंवा त्यांत फेरबदल केलेला असल्यास तो दावा चालत नाहीं. दीड हजाराहून अधिक वर्षांचें अंतर असलेले हे दोन विधि एका गोष्टीवर येऊन मिळतात: ज्यानें हात घातला त्याचा हात लक्षांत घ्यावयाचा.

आणि ज्या परवान्याखालीं ही खुली आज्ञावली वांटली जाते तो वाचून पाहिला तर मौज दिसते. ज्या कागदानें वाचण्याचा, बदलण्याचा व इतरांस देण्याचा हक्क दिला, त्याच कागदाच्या अखेरीस ठळक अक्षरांत लिहिलें आहे कीं, ह्या मालाची कसलीहि हमी नाहीं. प्रथम मला ही लबाडी वाटली. विचार केल्यावर वाटूं लागलें कीं तीं एकाच नाण्याची दोन अंगें आहेत. कुलूपबंद यंत्र बिघडलें तर कुलूप घालणारा जबाबदार. किल्ली आपल्या हातीं आली कीं जबाबदारीहि हातीं आली. आपण स्वातंत्र्य मागतों तेव्हां आपणांस वाटतें कीं आपण कांहीं तरी मिळवीत आहों. मिळवितों हें खरें. पण त्याच वेळीं एक मोठें सोयीचें साधन गमावतों, तें म्हणजे दोष देण्यास दुसरा कोणी असणें. हें गमावण्यास जो तयार नाहीं त्याला यंत्राची किल्ली नको असते, खेळणें हवें असतें.

शिरस्तेदार गेल्यावर भाचा बराच वेळ बिल हातांत धरून बसला होता. मग म्हणाला, “मामा, माल खराब होता असें एकदां लिहिलें, कीं काय चुकलें तें शोधण्याचें कारणच उरत नाहीं. आणि नव्या यंत्रावर मी पुन्हां हेंच करीन.”

मी नीतीच्या वाटेनें जेथें पोंचण्याची खटपट करीत होतों तेथें तो पोर दुरुस्तीच्या वाटेनें सरळ जाऊन पोंचला होता. खोटें बोलण्यानें दुसऱ्याचें नुकसान होतें हें आपण लहानपणापासून ऐकतों. परंतु खोटी तक्रार लिहिणाराचें पहिलें नुकसान हें कीं, त्याचा शोध तेथेंच थांबतो. कारण सांपडलें असें त्यानें जगाला सांगितलेलें असतें. आतां खरें कारण सांपडलें तर तें त्यालाच अडचणीचें. सत्य बोलणें आणि सत्य शोधणें हे दोन निरनिराळे गुण मानण्याची आपली रीत आहे. त्या दिवसापासून मला ते एकच वाटूं लागले आहेत.

त्यानें एक कोरा कागद घेतला आणि संशयितांची यादी केली. सर्वांत वर स्वतःचें नांव घातलें. मग एकेक गोष्ट बदलूं लागला. पहिली सांपडली वायर. यूएसबीच्या साध्या वायरींत चार तारा असतात; दोन विजेच्या, दोन संदेशाच्या. आमची वायर एका स्वस्त चार्जरबरोबर आलेली होती, तींत विजेच्या तेवढ्या दोन तारा होत्या. तांबडा दिवा लागतो म्हणजे वायर चांगली, असा जो आम्हीं दोन दिवस निर्वाळा देत होतों तो अर्धवट पुराव्याचा निर्वाळा होता. चार तारांची वायर आणली, तरी लॅपटॉप यंत्राला ओळखीना. कारण त्यांत ड्रायव्हर नांवाची जी दुभाषी आज्ञावली लागते ती मित्राच्या लॅपटॉपवर होती, आमच्या नव्हती. ती घातल्याबरोबर मेलेलें यंत्र बोललें. चिप बनविणारा कारखान्यांतच तिच्या एका कोपऱ्यांत पुसतां न येणारा एक लहानसा आज्ञाखंड कोरून ठेवतो. वरचें सगळें बिघडलें तरी तो जिवंत असतो आणि हांक मारली तर ओ देतो. म्हणून असलीं यंत्रें सहसा खरोखरी मरत नाहींत. आपण हांक मारण्याचें सोडतों, एवढेंच.

आणि मूळ चूक? ती यादींतल्या पहिल्या नांवाची निघाली. एकाच कारखान्याचे दोन ट्रान्समीटर. नांवांत एका अक्षराचा फरक, आंतल्या रचनेंत मात्र पुष्कळ. भाच्यानें भावंडाची आज्ञावली ह्याच्यावर चढविली होती, आणि तीहि द्वारपालाला वगळून. योग्य ती आज्ञावली लिहिल्यावर पडदा उजळला. कार्डावरील ध्वनि व इतर सामग्री नव्या आवृत्तीशीं जुळती करून घ्यावी लागली; दांड्यांचें मोजमाप पुन्हां करावें लागलें. विमानाच्या जुन्या नोंदींची प्रत काढून ठेवलेली नव्हती, म्हणून त्या सर्व नव्यानें भराव्या लागल्या. हा दंड त्यानें तक्रार न करतां भरला.

पुढच्या रविवारीं आम्ही सड्यावर गेलों. गवत पिवळें पडूं लागलें होतें; खालच्या बाजूस एका गुराख्याचीं पांचसहा गुरें चरत होतीं. भाच्याचे दोन मित्रहि मुद्दाम आले होते. उड्डाणापूर्वीं पल्ल्याची परीक्षा करतात. यंत्राची शक्ति मुद्दाम कमी करून सुमारे तीस पावलें चालत जावयाचें आणि विमान तेथूनहि आज्ञा ऐकतें कीं नाहीं तें पाहावयाचें. एका मित्रानें विमान धरून ठेवलें. पंधरा पावलांवरच त्याचें सुकाणूं अडखळलें, आणि संबंध तुटला. पण मोटार चालूंच राहिली. संबंध तुटल्यास विमानानें काय करावें ही सूचना, जिला फेलसेफ म्हणतात, ती नव्या नोंदी भरतांना घालावयाची राहिली होती. रिसीव्हरनें शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवली होती. ती चूक त्यानें तेथल्या तेथें सुधारली व मोटार थांबते ह्याची दोनदां खात्री केली. पल्ला मात्र कां कमी पडतो हें कळेना.

येथें मला माझी गोष्ट कबूल केली पाहिजे. ऊन चढत होतें, इतक्या लांब आलों होतों, मुलें हिरमुसलीं होतीं. मी म्हणालों, “आतां मोटार तर थांबते ना? मग जवळच्या जवळ एक फेरी मार. फार लांब नेऊं नकोस म्हणजे झालें.”

भाच्यानें खालच्या गुराख्याकडे पाहिलें. “मामा, ती बंद मोटार घेऊन तें कुठें पडेल, हें मला ठाऊक नाहीं,” एवढेंच तो म्हणाला, आणि बॅटरी काढून पंख सोडवूं लागला.

चार दिवसांपूर्वीं मी ज्याला प्रामाणिकपणाच्या चार गोष्टी सांगण्याच्या तयारींत होतों, त्यानें मला गप्प केलें. माझा सल्ला आणि शिरस्तेदारांचा सल्ला ह्यांत तत्त्वतः कांहीं भेद नव्हता. कारण न शोधतां पुढें जा आणि परिणाम दुसऱ्या कोणाच्या माथ्यावर पडूं दे, हेंच दोघांचें सांगणें. त्यांच्या सल्ल्यानें तो व्यापाऱ्याच्या खिशावर पडला असता, माझ्या सल्ल्यानें कदाचित् त्या गुराख्याच्या डोक्यावर.

पल्ला कमी पडण्याचें कारण आठ दिवसांनीं सांपडलें. रिसीव्हरची केसासारखी बारीक अँटेना बॅटरीखालीं दडपली गेली होती. ती भाच्यानेंच घाईनें तशी बसविली होती. आज्ञावलीचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. परत येतांना भाट्याच्या पुलावर मी तिलाच पुन्हां एकदां दोष दिला होता, हें मला आठवतें. आणि भाच्यानें त्यावर कांहीं उत्तर दिलें नव्हतें, हेंहि आठवतें.